बिनस्वयंपाकघराचं घर

४ सप्टेंबर २०२३, सोमवार

ही वही यारीनाने दिली. पडक्या इमारती मोजत फिरणारी ही पोरगी वास्तुकला शिकलीय आणि फुकटात काम करते. म्हणाली, "काकू, या घराबद्दल जे जे आठवतं ते लिहून काढा. पुढच्यांना उपयोगी पडेल." पुढचे कोण ते तिलाच ठाऊक. अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांपैकी अकरा उरलीत आणि त्या अकरांत माझ्याहून तरुण अशी एक मांजर आहे.

लिहिते. पण दाखवणार नाही कुणाला. दाखवायचं म्हटलं की माणूस गोड गोड लिहितो.

तर आमचं घर. सगळं खार्किव याला 'कंगवा' म्हणतं. एक लांबलचक पाठ आणि तिला काटकोनात जोडलेले चार दात. १९३० साली कारखान्याच्या कामगारांसाठी बांधला. नक्षी नाही, फुलं नाहीत, नुसत्या सरळ रेघा, आणि जिन्याला खालपासून वरपर्यंत काच. बांधणारे तरुण होते आणि त्यांच्या डोक्यात एकच खूळ: बाईला चुलीपासून सोडवायचं. म्हणून एकाही घरात स्वयंपाकघर ठेवलं नाही. पाठीत दुसऱ्या मजल्यावर एक मोठं भोजनगृह, सगळ्यांनी तिथे जाऊन जेवायचं. आई सांगायची, तीन वर्षं चाललं. तेहतीस साली भोजनगृहात वाढायलाच काही उरलं नाही आणि बायका परत आपापल्या खोलीत स्टोव्हपाशी. सोडवलं म्हणे!

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये क्षेपणास्त्र तिसऱ्या दातावर पडलं. तिथे आता आभाळ दिसतं. उरलेल्या तीन दातांच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्यात. दुसरा हिवाळा असाच अंधारात काढायचा. पालिकेच्या कचेरीतला तो हालाहान दीड वर्ष म्हणतोय, "बघतो, बघतो." डोळे आहेत की बटणं?

११ सप्टेंबर

अंगणात सभा. यारीनाने समजावलं: चौदा नोव्हेंबरला सुनावणी आहे. कंगवा 'वारसा' म्हणून नोंदला गेला तर परदेशातून दुरुस्तीचा निधी येईल, तिसरा दातसुद्धा पुन्हा उभा राहील. नाही नोंदला, तर वसंतात उरलेले तीनही दात पाडणार आणि आम्हाला शहराबाहेरच्या वसतिगृहात टाकणार. नोंद व्हायला एवढंच सिद्ध करायचं की हे बिनस्वयंपाकघराचं घर आहे.

माझ्या खाली राहणारा मिरोन चाळीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झाला, पण अजून पुढचा थांबा पुकारल्यासारखा ओरडतो. "सिद्ध काय करायचंय? सगळ्या गावाला माहितीय!"

"गावाला माहीत असून चालत नाही, काका. कागदाला माहीत असायला लागतं."

"मग कागदालाच राहायला पाठवा इथे, फळ्यांमागे!"

रिम्मासुद्धा आली होती, दोन बस बदलून. तिसऱ्या दातातलं एकतीस नंबरचं घर तिचं. घर गेलं, आणि त्या दिवशी तिची लेक ल्युबा जिन्यात होती. तेव्हापासून रिम्मा वसतिगृहात एकटी, नव्या घराच्या दाखल्याची वाट बघत. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला तसे आम्ही तळघरात उतरलो, तर ही पिशवीतून एक पिवळट फडकं काढून नाकाशी धरून बसली. मी माझा धुतलेला रुमाल पुढे केला तर मान हलवली. इतका तुसडेपणा कशाला? मी काय तिची वैरीण आहे?

२० सप्टेंबर

काकड्या घातल्या. चौदा बरण्या. गॅस फक्त सकाळी असतो, तेवढ्यात उरकलं. बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या, '२७ तारखेला उघडणे'. चिठ्ठी लिहायची म्हणजे मी नकाशाच्या अक्षरातच लिहिते, हात दुसरं काही शिकलाच नाही. एकतीस वर्षं मोजणी कार्यालयात नकाशे उतरवले मी. जुन्या नकाशावर अर्धपारदर्शक कापड ताणायचं आणि शाईने रेघ न् रेघ उतरवायची. पहिल्याच दिवशी सांगायचे: आहे तेवढं उतरवायचं, अक्कल चालवायची नाही. माझ्यासारखा आकडा अख्ख्या कार्यालयात कुणाचा नव्हता. माझा सात बघायला वरच्या मजल्यावरून लोक यायचे.

आणि ते कापड! नवी प्रत झाली की जुनं कापड आम्ही गुपचूप घरी न्यायचो. गरम पाण्यात उकळलं की खळ आणि शाई निघून जायची, खाली उरायचं इतकं मऊ सुती कापड की दुकानात मिळणार नाही. रुमाल, पडद्याच्या झालरी, बाळांची झबली. आमच्या वयाच्या बायकांची निम्मी पोरं नकाशांत गुंडाळून वाढलीत. त्र्याऐंशी साली आमच्या घराचेच नकाशे नव्याने उतरवायला माझ्याकडे आले होते. त्या वर्षी शेजारणींनी मला तीन मजली केक आणून दिला. कशाबद्दल, ते आता कशाला लिहायचं.

यारीनाला एक बरणी दिली. ती खूष होती. तिने भिंती तपासल्या: धुराचा मार्ग कुठेच नाही, म्हणजे चुलीची सोयच केलेली नव्हती. "काकू, आता फक्त कागद हवा. जुना नकाशा निघाला की काम फत्ते!"

निघेल की. नकाशे कुठे पळून जातात?

३ ऑक्टोबर

गेले. सगळं मुसळ केरात.

हालाहानने बोलावलं होतं. मी, मिरोन आणि यारीना. त्याच्या टेबलावर कुंडी, कुंडीत सिगारेटची थोटकं. नकाशाची प्रत आमच्यापुढे सरकवून म्हणाला, "मावशी, हे तुमचं बिनस्वयंपाकघराचं घर. मोजा. अठ्ठेचाळीस घरं, अठ्ठेचाळीस स्वयंपाकघरं. आणि इथे कोपऱ्यात लिहिलंय, '१९३० च्या मूळ आराखड्यावरून'. अशी साधी घरं या शहरात ढिगाने आहेत. साधं पडकं घर आम्ही पाडतो."

माझं डोकंच फिरलं. मी टेबलावर हात आपटला. "कुठल्या गाढवाने काढलाय हा? आंधळा होता की प्यालेला?"

"बघा ना तुम्हीच. तुम्ही तर याच धंद्यातल्या."

बघितलं.

सात. मधे आडवी रेघ, खाली बारीक वळण. शेजारी माझी आद्याक्षरं.

मी म्हटलं, चष्मा घरी राहिला, काही दिसत नाही. चष्मा गळ्यात लटकत होता. मिरोनने पाहिला. तो काही बोलला नाही, आणि मिरोन बोलत नाही म्हणजे त्याने पाहिलाच. यारीना नुसती नकाशाकडे बघत होती.

४ ऑक्टोबर

झालं ते असं. एकदाचं लिहून टाकते.

साठच्या दशकात गॅस आला तेव्हा प्रत्येकाने पलंगासाठी ठेवलेल्या कोनाड्यात शेगडी बसवली. परवानगी कोण विचारतो? वीस वर्षं कुणी हटकलं नाही. त्र्याऐंशी साली मोजणी निघाली आणि बातमी आली की बेकायदा शेगड्या काढणार, गॅस तोडणार. सगळ्या घराचं धाबं दणाणलं. नकाशा माझ्या टेबलावर. आई म्हणाली, "तुला काय जड आहे? चार रेघा." रिम्मा तेव्हा तेवीस वर्षांची, आठवा महिना, पाय सुजून भोपळा झालेले. माझा हात धरून म्हणाली, "झोया, लेकराचं दूध कुठे तापवू मी? जिन्यात?"

मी अक्कल चालवली. अठ्ठेचाळीस कोनाडे पुसले, अठ्ठेचाळीस स्वयंपाकघरं काढली, आणि कोपऱ्यात ती एक ओळ लिहिली म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. जुनं कापड घरी आणलं. आईने मोठ्या पातेल्यात उकळलं.

तेव्हा मला किती बरं वाटलं होतं! सगळ्यांचं भलं केलं म्हणून मिरवत होते. आता मारा जोडे.

१२ ऑक्टोबर

यारीना आली. पहिल्यासारखी बोलत नाही. चहा दिला तर अर्धाच प्याली. मग म्हणाली, "काकू, तुमचं अक्षर फार सुंदर आहे. बरणीवरच्या चिठ्ठीत '२७' लिहिलंय ना, तो सात मी घरी नीट बघितला."

मी म्हटलं, "थँक्यू."

ती उभीच राहिली. खिडकीतल्या फळीकडे बघत. मला वाटलं अजून एक बरणी हवी असेल, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "नको. तुम्हाला काही सांगायचं असलं तर मी आहे." आणि गेली. आजकालच्या मुलींचं काही कळत नाही. कौतुक करतात आणि तोंड पाडून निघून जातात.

१९ ऑक्टोबर

खरं सांगायचं, असं काल ठरवलं होतं. पण आधी हालाहानला फोन करून आडून विचारलं, की समजा, नुसतं समजा हं, ही स्वयंपाकघरं नंतर केलेली निघाली तर?

"तर ती बेकायदा बदल ठरतील, मावशी. उभ्या घरांचं काही नाही, दंडही होणार नाही आता. पण जी घरं उडाली त्यांचे दाखले थांबतील. नोंदीत एक आणि जागेवर दुसरं असलं की फाईल परत जाते."

"किती दिवसांसाठी?"

"ते मी कसं सांगू? वर्ष. दोन वर्षं."

तिसऱ्या दातातली बाकीची कुटुंबं देश सोडून गेलीत, त्यांनी अर्जच केला नाही. दाखल्याची वाट बघणारी एकच बाई आहे.

म्हणजे मी तोंड उघडलं तर रिम्माचं घर जाणार आणि गप्प बसले तर सगळ्यांचं. असा तिढा घालायला सैतानच बसला असता तरी त्याला इतकं जमलं नसतं. सगळ्यांचा राग येतोय. हालाहानचा, आईचा, त्या केकचासुद्धा.

२६ ऑक्टोबर

दोन बस बदलून वसतिगृहात गेले. एका खोलीत चार पलंग, मधे चादरींचे पडदे.

"रिम्मा, मला बोलायचंय."

"बोल. आधी बूट काढ, फरशी आत्ता पुसलीय."

सगळं सांगितलं. ती पलंगावर बसून ऐकत होती, पिशवी मांडीवर. संपल्यावर म्हणाली, "चाळीस वर्षं गप्प बसलीस. अजून सहा महिने बसायला काय धाड भरलीय तुला? माझा दाखला हातात पडू दे, मग लाग सत्य बोलायला!"

"सहा महिन्यांत घर पाडतील गं."

"माझं पडलंय."

मी रडकुंडीला आले. म्हटलं, "तूच तर हात धरला होतास माझा."

"हो, धरला होता! आणि केकही मीच भाजला होता, सुजल्या पायांवर उभी राहून. म्हणून काय आता मीच भरायचं सगळं?"

पडद्यापलीकडची बाई खोकली. मी बूट घालायला लागले तेव्हा रिम्माने विचारलं, "त्या जुन्या कापडाचं काय केलंस तेव्हा?"

"आईने उकळलं. रुमाल केले, वाटले. संपलं सगळं, एक चिंधी उरली नाही. असतं तर रडायचं कशाला?"

"हं," म्हणाली आणि पिशवीची चेन लावून टाकली. दारापर्यंतसुद्धा आली नाही.

२ नोव्हेंबर

आठवडाभर तोंडाला चव नाही. बीटाचं सूप केलं आणि तसंच मिरोनला देऊन टाकलं. तो म्हणाला, "मीठ विसरलीस. आणि दुसरं काहीतरी आठवत बसलीयस." मग म्हणाला, "चष्मा सापडला का?"

सांगितलं त्याला. तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "ट्रामचा रूळ चुकला की पुढे जात राहायचं नसतं, झोया. थांबायचं, उतरायचं आणि सांधा बदलायचा. मागचे शिव्या देतात. देऊ द्यायच्या."

बसले आणि जबानी लिहिली. दीड पान. यारीनाला दिली. तिने वाचली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

"मला माहीत होतं, काकू. बरणीवरून."

"आणि महिनाभर बोलली नाहीस?"

"तुमची वाट बघत होते."

असा संताप आला! महिनाभर मी तळमळतेय आणि ही वाट बघतेय. म्हटलं, बरणी परत दे. ती म्हणाली, संपली.

१४ नोव्हेंबर

आजचं सगळं क्रमाने लिहायला हवं.

सुनावणी कचेरीच्या तळघरात होती, वरच्या खिडक्या गेल्यात म्हणून. लांब टेबल, वारसा समितीचे तीन सभासद, कडेला हालाहान. मी उभी राहून जबानी वाचली. मधल्या सभासद बाई वाईट वागल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "तुमच्यावर अविश्वास नाही. पण शिक्क्याच्या नकाशाविरुद्ध तुमची नुसती आठवण आहे. मूळ आराखडा कुठाय?"

"उकळला."

हालाहान हसला. "मावशी, तुम्हीच पुरावा पुसलात आणि तुम्हीच आता साक्ष देताय. आम्ही कुठल्या झोयाबाईंवर विश्वास ठेवायचा?"

मिरोन उठून ओरडायला लागला, त्याला खाली बसवलं. चाळीस वर्षांनी जिवावर उदार होऊन खरं बोलावं आणि ते खोट्याइतकंसुद्धा वजनाचं नसावं! मी खाली बसले. संपलं, असंच वाटलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "सगळं नाही उकळलं."

रिम्मा. दाराशी उभी, ओला कोट अंगावर. कधी आली कळलंच नाही. पुढे आली आणि पिशवीतून ते पिवळट फडकं काढलं, ज्याच्यावरून मी तिला तुसडी म्हटलं होतं. टेबलावर पसरलं. फडकं नव्हतं ते. झबलं होतं. बाळाचं, बिनबाह्यांचं, वीतभर लांब.

"हिच्या आईने मला दिलं होतं कापड," ती सभासद बाईंना म्हणाली. "मी घाईत होते, दुसऱ्यांदा उकळलं नाही. पाठीवर रेघा राहिल्या. ल्युबाला काय कळतंय, म्हटलं. ल्युबाचं आहे."

सभासद बाईंनी ते दिव्यासमोर धरलं. फिकट तपकिरी रेघा, पण स्वच्छ. दोन खोल्या. जिना. काठाशी बाण आणि शब्द: 'भोजनगृहाकडे'. आणि जिथे मी शेगडी काढली होती तिथे रिकामा चौकोन, आत दोन बारीक शब्द: 'कोनाडा, पलंगासाठी'. खाली साल. १९३०.

मग बाई म्हणाल्या की हे तज्ज्ञांकडे तपासणीला जाईल, अहवाल येईपर्यंत पाडकाम स्थगित. मिरोनने टाळी वाजवली. हालाहान कागद पुढे ओढून म्हणाला, "मग एकतीस नंबरचा दाखलाही स्थगित. आणि वस्तू आमच्याकडे जमा करावी लागेल. इथे सही."

"परत कधी मिळेल?" रिम्माने विचारलं.

"प्रकरण मिटलं की."

"म्हणजे कधी?"

हालाहानने खांदे उडवले. पहिल्यांदाच त्याला माझ्याकडे बघवेना, एवढं मात्र मी पाहिलं. रिम्माने लेखणी उचलली आणि ती तशीच हातात धरून राहिली.

आणि भोंगा वाजला. आम्ही तळघरातच होतो, त्यामुळे कुणी हललं नाही, पण नियम नियम आहे: धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत कामकाज बंद, कागद हलवायचा नाही, वस्तू बाहेर न्यायची नाही. हालाहान खुर्चीत मागे रेलला.

मी यारीनाला म्हटलं, "तुझ्या नळीत ट्रेसिंगचा कागद आहे ना? आण. आणि ती बारीक पेनं."

कुणाला विचारलं नाही मी. झबलं टेबलावर सरळ केलं, वर कागद ताणला, कोपऱ्यांवर मिरोनचा चष्मा, माझा चष्मा, हालाहानचा शिक्का आणि एक पाण्याचा ग्लास ठेवला. मग चष्म्याशिवाय दिसेना, तेव्हा माझा उचलून तिथे यारीनाचं घड्याळ ठेवलं. निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी या कामाला हात लावला. पहिली रेघ वाकडी गेली. दुसरी नाही.

जिना काढला. खोल्या काढल्या. कोनाडा काढला आणि रिकामा ठेवला. मग गळ्याची शिवण. मग बंद, एक लांब, एक तुटलेला. डाव्या बाजूला दुधाचा डाग होता, जुना, कडेने गडद झालेला. हात थांबला. आमच्याकडे डाग उतरवायचे नाहीत, डाग म्हणजे नकाशा नव्हे. मी त्याची कड ठिपक्या ठिपक्यांनी उतरवली, जशी नदी उतरवतात तशी. रिम्मा माझ्या शेजारी येऊन बसली होती. तिचा श्वास माझ्या कानाशी लागत होता.

दीड तास लागला. कोपऱ्यात आजची तारीख टाकली आणि लिहिलं: 'ल्युबाच्या झबल्यावरून. जसं आहे तसं.' खाली आद्याक्षरं.

धोका टळल्याचा भोंगा झाला. हालाहान उठला, पण हात पुढे केला नाही, थांबून राहिला. मी कागद रिम्माकडे सरकवला.

ती ताडून बघत होती. एकदा कागदाकडे, एकदा झबल्याकडे. मग बोट ठेवून म्हणाली, "इथे काखेत एक टाका उसवलाय. तो राहिला तुझा."

मी पेन पुन्हा उघडलं आणि तोही काढला.